आधी पंप, मग मिठाचं पाणी

आज सुरुवात माझ्या बडबडीनं नाही. आधी एक आवाज ऐका.

(मशीनची घरघर)

जे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी सांगतो. हा नेब्युलायझरचा आवाज आहे, म्हणजे आपण ज्याला वाफ द्यायचं मशीन म्हणतो ते. नाशिकला माझ्या मावसबहिणीच्या घरी हे रोज सकाळी सहाला सुरू होतं आणि संध्याकाळी पुन्हा एकदा. माझी भाची नऊ वर्षांची आहे. तोंडात प्लॅस्टिकची नळी धरून ती पंधरा मिनिटं बसते. समोर ताईचा मोबाइल, त्यावर कार्टून. मशीनच्या आवाजात कार्टून ऐकूच येत नाही, पण तिचं म्हणणं असं की आता तिला सगळे डायलॉग पाठ आहेत. असतीलही.

तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. आपण पुढे नुसतं सीएफ म्हणू. हे नाव घरात यायला चार वर्षं लागली. तोपर्यंत बालदमा. छाती भरायची, घरघर व्हायची, पंप सुरू व्हायचा, थोडे दिवस बरे जायचे, परत तेच. वजन वाढत नव्हतं, म्हणून मध्ये एकदा टीबीचाही संशय घेऊन झाला. शेवटी मुंबईला एका मोठ्या हॉस्पिटलात घामाची टेस्ट झाली आणि आजाराचं खरं नाव कळलं. आपल्याकडे या आजाराची बरीच मुलं याच रस्त्यानं येतात. भारतात सीएफचे पहिले रुग्ण नोंदले गेले १९६८ साली. तरी अजूनही हा ‘गोऱ्यांचा आजार’ आहे, असं समजणारे लोक भेटतात.

तर गेल्या दिवाळीत फराळ करता करता ताईनं मला गाठलं. म्हणाली, “तू एवढा जगाला इतिहास सांगत असतोस, मला एक सांग. चार वर्षं दमा म्हणून पंप दिला. मग म्हणाले दमा नाहीच. मग तोच पंप अजून का चालू आहे? आणि तो मिठाच्या पाण्याच्या आधीच का घ्यायचा?”

मला उत्तर येत नव्हतं. चकली खात मी म्हणालो, बघून सांगतो. आजचा भाग म्हणजे ते ‘बघून सांगणं’ आहे. आणि एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. मी डॉक्टर नाही. हा इतिहास आहे. तो ऐकून कुणी आपली औषधं मागेपुढे करू नका.

यात दोन गोष्टी आहेत, एक पंपाची आणि एक आजाराची. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होतात आणि पुढे एका लहान मुलाच्या छातीत येऊन भेटतात. आधी पंपाची घेऊ, कारण ती आपल्या अंगणातून सुरू होते. धोतऱ्यापासून.

हो, तोच धोतरा. महाशिवरात्रीला आपण वाहतो ते काटेरी फळ. भारतात दम लागणाऱ्या माणसाला धोतऱ्याचा धूर ओढायला द्यायचे. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचे एक बडे डॉक्टर होते, जेम्स अँडरसन. त्यांना स्वतःला हा उपाय माहीत होता, आणि त्यांच्याकडून तो जनरल जेंट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला कळला. १८०२ साली जेंटनं तो ब्रिटनमध्ये नेला. पुढची शंभरेक वर्षं युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या जात होत्या. दम्यासाठी सिगारेट! मार्सेल प्रूस्त हा फ्रेंच कादंबरीकार असल्या सिगारेटी आणि धुऱ्या घेऊनच दिवस काढायचा. (हे घरी करून बघू नका, धोतरा विषारी आहे. माणसं मेली आहेत त्यानं.)

पण यातला धागा खरा होता. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीनसारखी द्रव्यं असतात आणि ती श्वासनलिकेभोवतीचा स्नायू सैल करतात. १९७०च्या दशकात याच अ‍ॅट्रोपीनवरून इप्राट्रोपियम नावाचं औषध तयार झालं. ते आजही नेब्युलायझरमध्ये घालतात. म्हणजे एखाद्या पोराच्या वाफेत धोतऱ्याचं सभ्य नातवंड असू शकतं.

दुसरं घराणं अ‍ॅड्रेनलिनचं. १९०१च्या सुमाराला जपानी शास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी ते शुद्ध रूपात वेगळं केलं. हेही श्वासनलिका मोकळी करतं, पण गिळून उपयोग नाही, टोचायला लागतं. मग १९२०च्या दशकाअखेर लोकांनी ते तुषार करून ओढायला सुरुवात केली. काचेचं एक भांडं आणि त्याला रबरी फुगा. फुगा दाबला की तुषार. अत्तरदाणीसारखं. गडबड एवढीच, की किती औषध आत गेलं ते कुणालाच कळायचं नाही. आणि काच फुटायची.

आता १९५५. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ रायकर लॅबोरेटरीज नावाची कंपनी. तिचे प्रमुख जॉर्ज मेसन. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता आणि ती रोज हा फुगा दाबून वैतागली होती. तिनं बाबांना विचारलं, माझं औषध त्या केसांच्या स्प्रेसारख्या डब्यात का नाही भरता येत? बस, एवढंच. तेरा वर्षांच्या मुलीचा रास्त वैताग.

बाबा ऑफिसला गेले आणि त्यांनी आपल्या रसायनतज्ज्ञाला कामाला लावलं. मग जी सामुग्री जमली ती ऐका. आइस्क्रीमचा एक जुना फ्रीजर, अत्तराच्या रिकाम्या बाटल्या, बाटल्यांना बूच ठोकायचं यंत्र, आणि एक झडप. ती झडपही मुळात अत्तरासाठी बनलेली. एकदा दाबली की मोजून ५० मायक्रोलिटर बाहेर, ना कमी ना जास्त. वर्षभराच्या आत, मार्च १९५६ मध्ये पंप बाजारात आला. आज तुमच्या-माझ्या आजूबाजूला जे निळे पंप दिसतात, त्यांचं बारसं ते. आपल्याकडे १९७८ साली मुंबईच्या सिप्लानं पंप बनवायला घेतले.

या पंपाची एक काळी बाजूही आहे, ती गाळून पुढे जाणं बरं नाही. १९६०च्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये दम्यानं मरणाऱ्या तरुण मुलांचा आकडा अचानक चढला. इंग्लंड-वेल्समध्ये १० ते १४ वर्षांच्या मुलांत सात वर्षांत मृत्यू जवळजवळ आठपट झाले. संशय गेला आयसोप्रिनॅलिनच्या पंपांवर. हे औषध श्वासनलिका उघडायचं आणि त्याच वेळी हृदयालाही पळवायचं. काही देशांत तर त्याचा पाचपट जोराचा पंप दुकानात मिळायचा. नेमका दोष कशाचा, औषधाचा की पंपावर विसंबून डॉक्टरकडे उशिरा जाण्याचा, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. पण त्या धसक्यात एक चांगलं झालं. फुप्फुसावर काम करेल पण हृदयाला फार छेडणार नाही, अशा औषधाचा शोध जोरात सुरू होताच, त्याला अर्थ आला. इंग्लंडमध्ये वेअर गावात डेव्हिड जॅक यांच्या टीमनं साल्ब्युटामॉल काढलं. १९६९ साली ते पंपात आलं. ताईच्या घरात फ्रीजवर ठेवलेला पंप तो हाच.

आपल्याकडे अजून ‘पंपाची सवय लागते’ म्हणून घाबरतात. तिकडच्या त्या भीतीला निदान एक कारण होतं. आपली भीती बहुतेक शेजारच्या काकूंकडून आलेली असते.

आता आजाराची गोष्ट. ती मिठापासून सुरू करू.

ताईच्या सासूबाई म्हणायच्या, पोरीचा पापा घेतला की ओठ खारट होतात. उन्हाळ्यात भाचीच्या कपाळावर घाम वाळला की पांढरी रेघ दिसायची. सगळे हसायचे. युरोपात जर्मन भाषेच्या मुलखात जुन्या लोकांत एक समजूत होती, की ज्या बाळाच्या कपाळाचा पापा खारट लागतो त्याला कुणीतरी करणी केलीय आणि ते फार जगायचं नाही. तिथल्या आज्यांच्या आणि आमच्या आजींच्या जिभेला एकच गोष्ट कळत होती. डॉक्टरांना ती कळायला १९४८चा उन्हाळा यावा लागला. न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली आणि मुलांच्या हॉस्पिटलात उन्हानं कोसळलेली मुलं येऊ लागली. त्यात सीएफची मुलं नजरेत भरण्याइतकी जास्त. पॉल डी सांतान्येसे या डॉक्टरांनी याचा पिच्छा पुरवला आणि १९५३ साली दाखवून दिलं की या मुलांच्या घामात मीठ कितीतरी जास्त असतं. १९५९ साली घामाची पक्की टेस्ट आली. साधारण त्याच पद्धतीची टेस्ट भाचीची झाली, साठ वर्षांनी.

त्याच हॉस्पिटलात डोरोथी अँडरसन नावाच्या डॉक्टर होत्या. काम शवविच्छेदनाचं. अपचनानं आणि कुपोषणानं गेलेल्या मुलांची शरीरं तपासताना त्यांना स्वादुपिंडात चट्टे आणि गाठोळ्या दिसत होत्या, फुप्फुसात चिकट कफ आणि पू. इतर डॉक्टर याला सीलिअ‍ॅक नावाचा वेगळाच आजार समजत होते. १९३८ साली अँडरसन बाईंनी ४९ मुलांची माहिती मांडून सांगितलं, हा वेगळा आजार आहे. नाव पडलं ते स्वादुपिंडावरून, पण मुलं पुढे मरत होती ती फुप्फुसामुळे. नाव एकाचं आणि घाव दुसऱ्याचा.

आतलं कारण कळलं १९८९ साली, जनुक सापडलं तेव्हा. आपल्या पेशींच्या भिंतीत मिठाची ये-जा करायला एक दार असतं. सीएफमध्ये ते दार नीट बनत नाही किंवा उघडत नाही. मीठ अडकलं की पाणीही अडकतं. मग श्वासनलिकेच्या आतला जो पातळ ओलावा कचरा वर ढकलतो, तो सुकतो. कफ होतो डिंकासारखा. त्यात जंतू घर करतात, सूज येते, नळीची भिंत झिजते.

आता इथे जरा थांबा आणि दम्याशी तुलना करा, कारण ताईच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. दम्यात मुख्य भानगड नळीभोवतीच्या स्नायूची असते. तो आवळला जातो, सूजही असते. पंप तो स्नायू सैल करतो. सीएफमध्ये मुख्य भानगड नळीच्या आत अडकलेल्या डिंकाची आहे. बाहेरून छातीला कान लावला तर दोन्हीकडे घरघरच. पण गटार तुंबलंय की पाइप कुणी पायानं दाबलाय, हे आवाजावरून सांगता येत नाही.

मग सीएफच्या मुलांना पंप आणि वाफेतली दम्याची औषधं कशी काय चिकटली? यासाठी आपल्याला क्लीव्हलंडला जावं लागेल. हा माझा या सगळ्यातला आवडता तुकडा आहे.

१९५७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात लिरॉय मॅथ्यूज या डॉक्टरांनी सीएफच्या मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं असं की वाट बघायची नाही. मूल ठणठणीत दिसत असलं तरी पहिल्या दिवसापासून सगळं करायचं. आहार, स्वादुपिंडाचे पाचक रस, जंतूंवर औषधं, वाफ. दिवसातून ठरलेल्या वेळा मुलाला पालथं झोपवून, ओंजळ केलेल्या तळव्यांनी पाठीवर थापटायचं, म्हणजे कफ सुटतो. आणि रात्री मुलानं झोपायचं प्लॅस्टिकच्या तंबूत. त्या तंबूत रात्रभर पाण्याचं धुकं सोडायचं. इतकं दाट की आतलं मूल बाहेरून धड दिसायचं नाही. कल्पना करा, पाच वर्षांचं पोर, रोज रात्री धुक्यात झोपतंय, सकाळी उठतं तेव्हा केस ओले, उशी ओली. आई रोज चादरी वाळत घालते.

मॅथ्यूज म्हणू लागले, माझ्याकडे वर्षाला शंभरातली दोनसुद्धा मुलं दगावत नाहीत. कुणाचा विश्वास बसेना. मग वॉरेन वॉरविक नावाच्या डॉक्टरांना दहा हजार डॉलर देऊन कामाला लावलं गेलं. त्यांनी देशभरातल्या ३१ केंद्रांतल्या सीएफ रुग्णांची माहिती गोळा केली. १९६४ सालचा निकाल असा, की बाकी ठिकाणी मुलं सरासरी तीन वर्षांत जात होती आणि मॅथ्यूजकडे हिशेब निघत होता २१ वर्षांचा. सातपट.

झालं. सगळ्या केंद्रांनी तो अख्खा कार्यक्रम उचलला. तंबूसकट. घराघरांत तंबू लागले. मुलं जास्त जगू लागली.

आणि मग १९७०च्या दशकात कुणीतरी नीट तपासलं, की त्या धुक्यातलं पाणी फुप्फुसात जातं किती? तर अगदीच थोडं. बहुतेक सगळं नाकाघशातच अडकतं. तंबूतल्या मुलांची फुंकण्याची टेस्ट काही त्यामुळे सुधारत नव्हती. तंबू बंद झाले. हजारो मुलांनी वर्षानुवर्षं ओल्या उशीवर रात्री काढल्या त्या फुकट.

मॅथ्यूज चुकले होते का? मला नाही वाटत. ते थांबून एकेक गोष्ट तपासत बसले असते तर तेवढ्यात मुलं गेली असती. पण दहा औषधं एका गाठोड्यात बांधून दिली आणि गाठोडं कामाला आलं, की आतल्या प्रत्येक वस्तूला श्रेय मिळतं. जी काम करते तिलाही आणि जी नुसती सोबत आली तिलाही. श्वासनलिका मोकळी करणारी औषधंही अशीच आली. दम्यात चालतात, इथेही घरघर आहे, वाफ देतोच आहोत, तर घाला त्यातच. कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

शंका कागदावर आली मेलबर्नहून. १९७३ साली लँडाऊ आणि फेलन या दोन डॉक्टरांनी सीएफच्या मुलांना श्वासनलिका मोकळं करणारं औषध देऊन आधी आणि नंतर टेस्ट केली. निकाल प्रत्येकाचा निराळा. काहींना फायदा. आणि काहींची फुंकर औषधानंतर उलट कमी झाली. नळी मोकळी करायचं औषध दिलं आणि हवा कमी आली, हे ऐकायलाच विचित्र वाटतं.

असं का व्हावं, हे १९८५ साली ऑस्ट्रियातल्या माक्सिमिलियान त्साख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. समजायला सोपं आहे. शहाळं पिताना कागदी स्ट्रॉ मिळते ना हल्ली? सुरुवातीला कडक असते, मस्त चालते. दहा मिनिटांनी भिजून लोळागोळा होते. मग जोरात ओढलं की स्ट्रॉ चपटी होते आणि पाणी येतच नाही. सीएफमध्ये वर्षानुवर्षांच्या सुजेनं मोठ्या श्वासनलिकांच्या भिंती झिजलेल्या असतात. त्यांना जो काही ताठपणा उरलेला असतो, तो भोवतीच्या स्नायूंमुळे. पंपानं तो स्नायू सैल केला की नळी भिजलेल्या स्ट्रॉसारखी होते. शांत श्वासाला काही अडत नाही. पण मूल जोरात खोकलं, की छातीतल्या दाबानं नळी मिटते. आणि सीएफच्या मुलाकडे कफ बाहेर काढायचं सगळ्यात मोठं हत्यार कुठलं? खोकला.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. चार वर्षं भाचीला पंप दिला तो फायद्याचा झाला की तोट्याचा? ताईला हे सांगायचं कसं? रात्रभर डोक्यात तेच.

सकाळी पुढचं वाचलं. हा परिणाम सगळ्यांत होत नाही. काही मुलांना सीएफच्या जोडीला दम्यासारखा आवळणारा स्नायूही असतो, त्यांना पंपाचा चांगला उपयोग होतो. म्हणून प्रश्न ‘सीएफमध्ये पंप चांगला की वाईट’ असा विचारून चालत नाही. या मुलाला, आज, उपयोग होतो का, असा विचारावा लागतो. त्यासाठी मुलाला फुंकायला लावायचं, पंप द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायला लावायचं. कंटाळवाणं काम आहे आणि दरवेळी उत्तर तेच येईल असंही नाही. अमेरिकेत सीएफ फाउंडेशननं २००७ साली रोजच्या पंपाची शिफारस केली होती. २०१३ साली नव्यानं पुरावे तपासले आणि सांगितलं, हो म्हणायलाही पुरेसा पुरावा नाही आणि नाही म्हणायलाही. इतकी वर्षं वापरलेलं औषध आणि त्यावर हे उत्तर. मला ते आवडलं. प्रामाणिक आहे.

पण मग ताईच्या प्रश्नाचा दुसरा भाग उरतो. मिठाच्या पाण्याआधी पंप का?

यासाठी परत ऑस्ट्रेलिया, या वेळी समुद्रकिनारा. तिथल्या डॉक्टरांच्या कानावर येत होतं की सीएफची जी पोरं लाटांवर सर्फिंग करतात, त्यांची फुप्फुसं बरी राहतात. आता हे नुसतं निरीक्षण. सर्फिंग करणारा मुळातच तब्येतीनं बरा असणार, असंही म्हणता येतं. पण खाऱ्या तुषारात काही आहे का, हा विचार सुरू झाला. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला यातलं शास्त्र माहीत आहे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की काय होतं? पाणी सुटतं. सुकलेल्या श्वासनलिकेत मीठ टाकलं की तेही आपल्याकडे पाणी ओढतं आणि डिंक पातळ होतो.

सिडनीच्या पीटर बाय, मार्क एल्किन्स आणि मंडळींनी हे रीतसर तपासलं. १६४ रुग्ण, सहा वर्षांपासून पुढचे. अर्ध्यांना ७ टक्के मिठाचं पाणी, म्हणजे समुद्राच्या दुप्पट खारट. अर्ध्यांना साधं सलाइन. ४ मिली, दिवसातून दोनदा, ४८ आठवडे. कुणाला काय मिळतंय ते चवीवरून कळू नये म्हणून दोन्हीत कडू क्विनाइन घातलं होतं. बिचाऱ्या त्या पोरांची जीभ! निकाल छापून आला जानेवारी २००६ मध्ये. फुंकण्याच्या टेस्टमध्ये फरक थोडासाच पडला. पण छाती बिघडून आजारी पडायचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. ज्या घरात असं मूल आहे त्यांना विचारा, वर्षातले आजारपणाचे निम्मे प्रसंग वाचले म्हणजे काय ते. आणि औषध कुठलं? मीठ-पाणी. (घरी स्वयंपाकघरातलं मीठ कालवून नाही हं! ते निर्जंतुक लागतं, मोजलेलं लागतं.)

आता गंमत बघा. इतकं खारट पाणी अचानक श्वासनलिकेत गेलं की नळी दचकते आणि आवळते. खोकला उसळतो, छाती बांधल्यासारखी होते, काही मुलांना धाप लागते. म्हणून त्या चाचणीत प्रत्येकाला मिठाच्या पाण्याआधी काय दिलं होतं? पंप. श्वासनलिका मोकळी करणारं औषध. आधी स्नायूला सांगायचं, बाबा रे, खारट काहीतरी येतंय, दचकू नकोस. मग थोडं थांबायचं, आणि मग मशीन लावायचं. सतत घेण्यासाठी ज्या औषधाचा पुरावा डळमळीत, त्यालाच इथे नेमकी ठरलेली नोकरी मिळाली. दार धरून उभं राहायचं, खरा कामगार आत जाईपर्यंत.

पुढचा इतिहास अजून चालूच आहे. ते बिघडलेलं दारच दुरुस्त करणाऱ्या गोळ्या आल्यात, पहिली २०१२ साली अमेरिकेत आणि तीन औषधांची एकत्र गोळी ऑक्टोबर २०१९ मध्ये. तिची तिथली किंमत सुरुवातीला वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर. आणि या गोळ्या घेणारे, फुप्फुसं बऱ्यापैकी शाबूत असलेले बारा वर्षांवरचे काही रुग्ण घेऊन एक अभ्यास झाला. त्यांनी सहा आठवडे मिठाचं पाणी बंद केलं तरी टेस्टमध्ये फारसा फरक पडला नाही. म्हणजे आता कुठे ते गाठोडं उलट्या दिशेनं सुटायला लागलंय, एकेक वस्तू बाजूला काढून बघतायत. पण ते तिकडे. आमच्या घराच्या आवाक्यात ती गोळी आज नाही. आमच्या घरात पंप आहे, मीठ-पाणी आहे आणि ताईचे तळवे आहेत.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. भिजलेल्या स्ट्रॉचंही सांगितलं, लपवलं नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “थांब. पंप आणि मशीनमध्ये थांबायचं असतं?”

मी म्हटलं, हो, पंधराएक मिनिटं.

“कागदावर लिहिलं होतं रे. पण रिक्षा येते सातला. मी पंप दिला की लगेच मशीन लावायचे. ती रडायची, म्हणायची जळतंय, आणि मी ओरडायचे तिला. मला वाटायचं नाटकं करते.”

मग मी गप्प.

पुढच्या तपासणीला ताईनं डॉक्टरांना दोन्ही गोष्टी विचारल्या. भाचीला पंपाच्या आधी आणि नंतर फुंकायला लावलं. तिच्यात तरी पंपानंतर आकडा खाली गेला नाही, थोडा वरच गेला. आणि मधलं थांबणं गाळायचं नाही, असं त्यांनीही सांगितलं. कागदावर लाल पेनानं गोल करून दिला.

आता त्या घरात गजर पावणेसहाचा लागतो. उठल्या उठल्या पंप, मग ती दात घासते, वेणी घालून घेते, दप्तर भरते. सुरुवातीला तुम्ही जो आवाज ऐकलात तो त्यानंतरचा, बरोबर सहाचा आहे. आणि हेडफोन लावून परत ऐकलात, तर मशीनच्या मागे भाची गाणं गुणगुणताना ऐकू येईल. नळी तोंडात असताना. ताई म्हणते, गाऊ नकोस, औषध वाया जातं. ती ऐकत नाही.